साकवापर्यंतचा रस्ता

२००९ च्या पावसाळ्यात माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाल्यामुळे वाचाही गेली. समोरच्याचे बोलणे त्यांना नीट समजत असे, विचार शाबूत होते, परंतु मनातला शब्द ओठांवर येत नसे. त्याआधी आमच्या घरात गाडी फक्त हेच चालवत आणि रस्तेही फक्त ह्यांनाच ठाऊक असत. मी शेजारी बसे, मागे बसलेल्या मुलीला खाऊ-पाणी देई आणि खिडकीबाहेर बघत राही. कात्रज ओलांडल्यावर कोणता फाटा कुठे जातो हे लक्षात ठेवण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. चालवणे तीन महिन्यांत जमले, रस्ते मात्र जमेनात. ‘विचारत विचारत जावे’ असा सल्ला पुष्कळांनी दिला आणि तो चुकीचा नव्हता, कारण ज्यांना मी रस्ता विचारला त्यांतल्या बहुतेकांनी मला आपुलकीने आणि बरोबर सांगितले. परंतु परक्या गावात, अंधार पडल्यावर, शेजारी बोलू न शकणारा आजारी माणूस बसलेला असताना काच खाली करायची आणि आपण कुठे निघालो आहोत व आपल्याला रस्ता माहीत नाही, या दोन्ही गोष्टी अनोळखी माणसाला सांगायच्या, याचे दडपण काय असते ते बाईलाच कळते. संध्याकाळ होण्याच्या आत घरी परतता येईल एवढेच अंतर मी ठरवत असे. माझा नकाशा तेवढाच होता.

२०१० मध्ये मुलीने आपल्या पहिल्या पगारातून मला गाडीत लावायचा जीपीएस घेऊन दिला. हाताच्या पंजाएवढा पडदा, काचेला चिकटवायची रबरी वाटी, सिगारेट लायटरच्या खोबणीत घालायची वायर आणि नकाशे साठवलेले नखाएवढे कार्ड, इतकाच तो जामानिमा होता. पहिल्या दिवशी तो गच्चीवर नेऊन मी सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात उपग्रहांचे पट्टे एकेक करून उमटू लागले, चौथा पट्टा भरला आणि आमची सोसायटी, आमची गल्ली आणि त्या गल्लीत एक छोटा बाण दिसू लागला. तो बाण म्हणजे मी होते. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो केवळ नव्या वस्तूचा नव्हता. मी कुठे आहे, हे मला कोणालाही न विचारता कळले होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. त्यामुळे हा चौथा पट्टा का लागतो, हे मला विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि आपली वेळ सतत सांगत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते. तीन अंतरांवरून आपली जागा ठरायला हवी, पण आपल्या यंत्रातले घड्याळ साधे असते आणि प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर धावतो, म्हणजे घड्याळ एवढेसे चुकले तरी आपण भलत्याच पेठेत पोचलो. म्हणून चौथा उपग्रह हवा. तो आपल्या घड्याळाची चूक पकडतो. वर उपग्रहांत जी अणुघड्याळे असतात, त्यांनाही आइन्स्टाइनचा हिशेब चुकत नाही. उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून ती दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगात असल्यामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उरतात ३८. हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल. सापेक्षतावादाचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, असे दरवर्षी कोणीतरी विचारायचेच. त्या वर्षापासून मी ते यंत्र वर्गात नेऊन टेबलावर ठेवू लागले.

सामान्य माणसाला हे सगळे मोकळेपणाने मिळाले, त्यालाही फार दिवस झाले नव्हते. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले, २६९ माणसे गेली आणि त्यानंतर अमेरिकेने ही मूळची लष्करी यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. शंभरेक मीटर इकडेतिकडे होई. ती मिसळलेली चूक मे २००० च्या आरंभी बंद झाली आणि तेव्हापासूनच रस्त्यावरच्या गाडीला हे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले. शंभर मीटरच्या चुकीत कोथरूडमधल्या तीन समांतर गल्ल्या सहज मावतात.

यंत्र आले त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर ह्यांच्या आत्यांचा फोन आला. त्या ऐंशीच्या पुढच्या होत्या आणि त्यांना भाच्याला बघायचे होते. त्यांचे गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरूखच्या अलीकडे आत वळून. ह्यांच्या लहानपणच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या तिथे गेलेल्या. मी लग्नानंतर दोनदाच गेले होते, तेही दिवसाउजेडी आणि मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीचे डोके मांडीवर घेऊन. पुण्याहून अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. मी जायचे ठरवले.

ह्यांनी तोपर्यंत आमच्यापुरती एक भाषा तयार केली होती. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने डॅशबोर्डवर एकदा टक् केले की ‘बरोबर’, दोनदा केले की ‘चुकते आहेस’. उंब्रजला यंत्र मला सरळ कऱ्हाडपर्यंत जाऊन मग पाटणकडे वळायला सांगत होते. ह्यांनी दोनदा टकटक केले आणि बोटाने उजवीकडे दाखवले. मी वळले. यंत्र काही क्षण गप्प राहिले, मग त्याने मल्हारपेठवरून जाणारा नवा मार्ग आखला आणि पोचण्याची वेळ बरीच अलीकडे आली. ह्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे हसू आले ते आजारपणानंतर मी पहिल्यांदा पाहिले. पुढे कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट. घाटात दाट झाडीखाली उपग्रहांचे पट्टे कमी होत, बाण जरा अडखळे, पुन्हा रस्त्यावर येई. पडद्यावर पुढचे वळण आधीच दिसत असल्यामुळे घाट उतरण्याची माझी भीती खूप कमी झाली. नवशिक्या चालकाला या यंत्राने दिलेला तो सर्वांत मोठा आधार, असे मला आजही वाटते. पोफळीला आम्ही चहा घेतला. मुलीचा फोन आला, कुठे पोचलीस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच त्या प्रश्नाचे नेमके उत्तर माझ्याकडे होते.

संगमेश्वर सोडले तेव्हा अंधार पडला होता. गावाच्या अलीकडे रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवीकडचा शाळेवरून वरच्या अंगाने जातो, डावीकडचा खाली उतरतो. यंत्राने डावीकडे वळायला सांगितले. अंतर दीड किलोमीटरसुद्धा नव्हते. ह्यांनी दोनदा टकटक केले. मी म्हणाले, “अहो, हा जवळचा आहे. दाखवतोय ना.” त्यांनी पुन्हा टकटक केले आणि मग सबंध पंजा डॅशबोर्डवर आपटला. मी दिवसभर गाडी चालवून थकले होते, समोर पडद्यावर ठसठशीत निळी रेघ होती आणि त्या रेघेने मला तीनशे किलोमीटर सांभाळून आणले होते. मी डावीकडे वळले.

दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यांवरून आत आलेल्या काजूच्या फांद्या गाडीला घासत होत्या, हेडलाइटच्या उजेडात तांबडी धूळ तरंगत होती. डांबर संपले, मग खडी संपली. यंत्र म्हणत होते, तीनशे मीटर सरळ. आणि एकाएकी समोरचा उजेड कशावरही पडेना. मी ब्रेक दाबला. डोळे स्थिरावले तेव्हा दिसले की समोर साकव आहे. चार फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी, दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचे कठडे, त्यांतली एक नळी मधेच वाकलेली आणि खाली वाहत्या पऱ्याचा आवाज. माणसे जातात, गुरे जातात, फार तर सायकल जाईल. पडद्यावर मात्र तिथे रस्ता होता, आम्ही मागे टाकलेल्या रस्त्याच्याच जाडीचा, आणि पलीकडच्या काठावर मुक्कामाचे निशाण लावलेले होते. ह्यांनी आता टकटक केले नाही. गिअरवर ठेवलेल्या माझ्या हातावर त्यांनी आपला डावा हात ओलांडून आणून ठेवला आणि तसाच राहू दिला.

पलीकडून बॅटरीचा उजेड आला आणि एका वयस्कर माणसाने ओरडून विचारले, “कोणाकडची तुम्ही?” मी आत्यांचे नाव सांगितले. ते साकवावरून इकडे आले, बॅटरीच्या उजेडात त्यांनी ह्यांचा चेहरा निरखला आणि घरातही आता कोणी न वापरणाऱ्या लहानपणीच्या नावाने त्यांना हाक मारली. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मग ते गृहस्थ मागे चालत, बॅटरी हलवत मला दिशा दाखवत राहिले आणि मी त्या दोन गडग्यांमधून गाडी उलटी फाट्यापर्यंत आणली. त्याला अर्धा तास लागला असेल. मग ते मागच्या सीटवर बसले आणि आम्हाला वरच्या रस्त्याने आत्यांच्या अंगणात पोचवून, साकवावरून आपल्या घरी गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ह्यांनी तीनदा सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते, ही खंत तर होतीच. पण माझ्यातली शिक्षिकाही जागी होती आणि तिला वाटत होते की आपण एक मूलभूत घोटाळा केला. उपग्रह रस्ता सांगतच नाहीत. ते फक्त जागा सांगतात आणि ती त्यांनी शेवटपर्यंत अचूक सांगितली. साकवाच्या तोंडाशी उभी असलेली गाडी पडद्यावर साकवाच्या तोंडाशीच होती. रस्ता सांगत होता नकाशा आणि नकाशा माणसे काढतात, केव्हातरी, कुठेतरी बसून. वरून घेतलेल्या छायाचित्रात एक वाट काठापर्यंत येते आणि समोरच्या काठावरून पुढे जाते. मधली जागा कोणीतरी रेघेने सांधली असावी, असा माझा तर्क आहे. साकव कसा असतो हे त्या व्यक्तीला माहीत असण्याचे कारण नव्हते. एकाच पडद्यावर, एकाच आवाजात या दोन गोष्टी आपल्यापुढे येतात आणि पहिलीच्या अचूकपणाची पुण्याई आपण नकळत दुसरीच्या पदरात टाकतो. ज्यांनी ज्यांनी हे यंत्र वापरले त्यांच्याशी मी पुढे या विषयावर बोलत राहिले आणि जवळजवळ प्रत्येकाच्या अनुभवाच्या मुळाशी मला हाच घोटाळा सापडला.

जागा आणि रस्ता यांतला हा भेद पुढे स्मार्टफोन आल्यावर मला अधिक लख्ख दिसला. फोनच्या नकाशाला नेटवर्क लागते. चुकून वळण सुटले आणि घाटात नेटवर्क नसले, तर नवा मार्ग आखला जात नाही, नकाशाचे तुकडे उतरत नाहीत आणि कोऱ्या करड्या पडद्यावर एक निळा ठिपका मात्र शांतपणे सरकत राहतो. जागा माहीत आहे, रस्ता माहीत नाही. जुन्या यंत्रात नकाशा कार्डावरच असल्यामुळे हे होत नसे. म्हणून कोयना खोऱ्यात शिरण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनवर उतरवून घ्यायचा, हा नियम मी स्वतःला आणि विचारील त्याला सांगते. माझ्या एका मैत्रिणीची तक्रार असे की उड्डाणपुलावर गाडी असताना तिचे यंत्र पुलाखालच्या रस्त्याची वळणे सांगते. तिलाही मी हेच समजावले: उपग्रहांवरून आडवी जागा जितकी नेमकी कळते तितकी उंची कळत नाही, आणि पूल व त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक असतात. चिपळूणचे एक गाडीमालक, ज्यांची गाडी मी पुढे ह्यांना दवाखान्यात न्यायला अनेकदा बोलावली, ते मॅप लावत पण रस्त्यासाठी नाही. बहादूरशेख नाक्यावर किती वेळ अडकणार, एवढेच त्यांना त्यातून हवे असे. त्यांचा वापर मला सर्वांत समंजस वाटतो, कारण पुढे चालणाऱ्या शेकडो फोनांचा वेग त्या क्षणी काय आहे, हे कोणत्याही जाणकारापेक्षा ते यंत्रच जास्त चांगले जाणते.

सर्वच घोटाळे गाडी उलटी घेऊन निस्तरत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री एक मोटार पाण्यात गेली. तिथला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली वर्षातले काही महिने बुडलेला असे. गावच्या लोकांना ते माहीत होते, म्हणून तिकडे कोणी फिरकत नसे. कळसूबाईला निघालेल्या तिघांना नकाशाने तोच रस्ता दाखवला. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा तरुण बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या, पुराने पुढचा भाग वाहून गेलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. या दोन्ही बातम्या वाचताना ती वाकलेली नळी आणि हेडलाइटच्या पुढचा अंधार माझ्या डोळ्यांसमोर आला. अशा वेळी ‘लोक यंत्रावर आंधळा विश्वास ठेवतात’ असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. रात्रीच्या वेळी परक्या मुलखात माणसाने कशावर तरी विश्वास ठेवावाच लागतो. बुडालेल्या पुलाच्या तोंडाशी आडवा बांध घालणे आणि फलक लावणे हे जमिनीवर राहणाऱ्यांचे काम आहे आणि ते झाले नाही, तर दोष मेलेल्या माणसाच्या माथी मारू नये. आपल्याकडचा रस्ता ऋतूप्रमाणे बदलतो. वरंध घाट पावसाळ्यात बंद होतो, कोकणातले कॉजवे पाण्याखाली जातात. ज्या नकाशात जुलै आणि जानेवारीला एकच रेघ असते, तो आपल्या मुलखाचा पुरा नकाशा नाही.

साकवाबद्दल मी नकाशा करणाऱ्या कंपनीला तेव्हाच पत्र लिहिले होते. वर्षभराने नवे कार्ड घेतले, त्यातही ती रेघ होती. पण मी त्या गावी जात राहिले. ह्यांना दर दिवाळीनंतर तिथे न्यायचे, असे ठरूनच गेले. यंत्र काचेला असे आणि डॅशबोर्डवर ह्यांचा डावा हात असे. दोघांचे एकमत झाले की मी निर्धास्त वळे आणि मतभेद झाला की नेहमी टकटक ऐके. २०१६ मध्ये हे गेले.

जुने यंत्र मी त्यानंतर कपाटात ठेवले. १२ मे २०१९ रोजी, एका रविवारी, कपाट आवरताना ते हाती आले म्हणून गाडीत नेऊन लावले. बराच वेळ लागला, पण एकेक पट्टा भरला आणि बाण आमच्या गल्लीत, बरोबर आमच्या फाटकापाशी उभा राहिला. तारीख मात्र २६ सप्टेंबर १९९९ दिसत होती. कारण मला माहीत होते: जीपीएसचे घड्याळ आठवडे मोजते, १०२४ आठवडे भरले की पुन्हा शून्यापासून सुरू करते आणि त्याच वर्षी ६ एप्रिलच्या रात्री ते आवर्तन पुरे झाले होते. जागा काढण्यासाठी चालू आठवड्यातली वेळ पुरते, म्हणून जागा बरोबर आणि तारीख साडेएकोणीस वर्षांपूर्वीची. वारसुद्धा तोच, रविवार. १९९९ च्या सप्टेंबरात नागरी संदेशांत ती मुद्दामची चूक अजून मिसळलेली होती; त्या तारखेला हे यंत्र असते, तर त्याने मला शंभर मीटर पलीकडच्या कुठल्याही गल्लीत उभे केले असते. पण तेव्हा गाडी हे चालवत होते आणि मोठ्याने गात चालवत होते. मी इंजिन सुरू न करता बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्याआधीच्या वर्षी मी फोनवरच्या नकाशाला साकवाची दुरुस्ती पाठवली होती, या वेळी दिवसा काढलेल्या छायाचित्रासह आणि कठड्यांमधले अंतर टेपने मोजून. काही आठवड्यांनी ती रेघ तिथून गेली आणि तिच्या जागी पायवाटेची तुटक रेघ आली. आत्या आता नाहीत, पण त्यांच्या मुलाकडे गणपतीला मी अजून जाते. गेल्या वर्षी पोचायला अंधार पडला. फाट्यावर फोनने उजवीकडे वळायला सांगितले. मी क्षणभर गाडी थांबवली, डावीकडे खाली उतरत जाणाऱ्या गडग्यांकडे पाहिले, आणि शाळेवरून जाणाऱ्या वरच्या रस्त्याला लागले.